बोंगाजवळची जंगली कॉफी वॉक, 4 स्टार

इथिओपियातलं काफाचं जंगल, युनेस्कोने 2010 ला बायोस्फिअर रिझर्व्ह केलेलं, तिथे अरेबिका कॉफीची झुडपं कुणी न लावता मोठ्या झाडांच्या सावलीत आपली आपण वाढतात आणि आम्ही गेलो तेव्हा नुकताच पाऊस पडून गेलेला त्यामुळे फांद्या पांढऱ्या फुलांनी गच्च, मोगऱ्यासारखा घमघमाट, वेडच लागलं! दोन-तीन दिवसांत कोमेजतात, म्हणजे नशीबच म्हणायचं. आपला अनंत पण ह्याच कुळातला, ती चकचकीत समोरासमोरची पानं बघून पटलं. गाईड एकदम भारी, अरेबिकात 44 क्रोमोसोम, बाकीच्या कॉफीत 22, आणि ही स्वतःच्याच परागावर फळ धरते हे त्याच्याकडूनच कळलं. एक स्टार कापला कारण जीप दीड तास लेट, साधं सॉरी पण नाही. चिखल भयंकर, बूट न्या.