अमानो म्हणून घेतले, निघाले झिंगे

अठराशे रुपये मोजून मी माझ्याच नियॉन टेट्रा माशांच्या जिवावर उठणारे पाहुणे घरी आणले. कोणाला सांगणार नव्हतो, पण परवा ते विकणाऱ्या माणसाची जाहिरात दुसऱ्या नंबरवरून पुन्हा दिसली, म्हणून लिहितोय.

पुण्यात धायरीच्या घरी माशांची साठ लिटरची टाकी आहे. बारा नियॉन, जावा मॉस या पाणवनस्पतीचा झुपका, स्पंज फिल्टर. उन्हाळ्यात मॉसवर केसाळ शेवाळ धरलं. त्यावर अमानो कोळंबीसारखा इलाज नाही. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने ती शेवाळ खाण्यासाठी टाक्यांमध्ये रुळवली, म्हणून तिला त्याचं नाव. व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने झकास फोटो टाकला होता: ‘अमानो, होमब्रेड, १२० रुपये नग.’ मी पंधरा सांगितल्या.

माझी ट्यूब ‘होमब्रेड’ला, म्हणजे घरीच पैदास केलेली या शब्दालाच, पेटायला हवी होती. अमानो अंडी गोड्या पाण्यात घालते, पण पिल्लांना वाढायला खारं पाणी लागतं, आणि मोठी झाल्यावर त्यांना परत गोड्यात आणावं लागतं. एवढा खटाटोप करणारा माणूस १२० रुपयांना विकेल कशाला? वर हा म्हणतो, “दादा, दोन महिन्यांत टाकीभर पिल्लं होतील.” साध्या टाकीत तशी पिल्लं चेरी कोळंबीला होतात. हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी पैसे आधीच पाठवून मोकळा झालो.

रात्री आठ वाजता नळस्टॉपला मेट्रोच्या पुलाखाली भेटला. गाडीवरून उतरलासुद्धा नाही. पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आत बोटाच्या पेराएवढे पारदर्शक जीव. अंधारात काय कळणार? बिलाचं विचारलं तर हसला.

पहिले पंधरा दिवस सगळं आलबेल. मग नियॉन बाराचे दहा झाले, दहाचे आठ. उडी मारून पडले असतील म्हणून टाकीमागे, सोफ्याखाली शोधलं. काही सापडलं नाही. एका रात्री दोनला पाणी प्यायला उठलो आणि मोबाइलचा टॉर्च टाकीवर मारला. मॉसच्या आडून नारिंगी डोळे चमकले. त्यातल्या एकाने नियॉन शेपटीजवळ दोन्ही नांग्यांत पकडला होता. मासा जिवंत होता, त्याचे कल्ले हलत होते.

सकाळी विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. “मासा आधीच मेला असेल, कोळंबी मेलेलं खातेच.” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच फसायला होतं. मग म्हणाला, “तुमच्याकडे टँकरचं पाणी, ते खराब असणार.” मी पाण्यातली विषारी द्रव्यं, अमोनिया आणि नायट्राइट, तपासली, दोन्ही शून्य. शिवाय पाणी खराब असतं तर नियॉनच्या आधी कोळंब्या गेल्या असत्या, त्या जास्त नाजूक. एवढं लिहिलं आणि त्याने मला ब्लॉक केलं. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर शोधला, तर तो परदेशातल्या कोणाच्या तरी टाकीचा.

उलगडा केला सासूबाईंनी. त्या भंडाऱ्याच्या, तलावांच्या मुलखातल्या. चष्मा लावून टाकीत वाकल्या आणि म्हणाल्या, “हे त झिंगे होत जावईबापू! यायले काहून पोसता?”

बरोबर होतं. झिंगे म्हणजे मॅक्रोब्रॅकियम, गोड्या पाण्यातल्या लांब नांग्यांच्या कोळंब्या. नावाचा अर्थच लांब हाताचा. मत्स्यशेतीतली जी कोळंबी फूटभर वाढते, तीही याच कुळातली. पिल्लं असताना हात आखूड असतात, म्हणून कोणाच्याही नावाने खपतात. ओळखायचं कसं, तर पिशवीतून पारदर्शक डब्यात काढा, खाली पांढरा कागद ठेवा. अमानोच्या कुशीवर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असतात आणि पुढचे पाय तोकडे. त्यांनी ती सारखी टिपत, खरवडत बसते. झिंग्याच्या अंगावर तशा ठिपक्यांच्या ओळी नसतात, आणि पुढे काढलेल्या दोन बारीक हातांच्या टोकाला चिमटे असतात. विक्रेत्याकडून त्याच दिवसाचा, त्याच पिशवीचा व्हिडिओ मागा. टाळाटाळ करायला लागला तर घेऊ नका. आणि घेतलेच, तर दोन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा. मी तेवढं केलं असतं तर सात नियॉन वाचले असते.

झिंगे पकडायला कापलेल्या बाटलीचा सापळा केला, आत माशांच्या खाण्याची गोळी. आठवडा गेला. मुठेत सोडून द्या असं दोघांनी सुचवलं. विकतचे जीव नदीत सोडायचे नसतात, तिथल्या माशांनी काय पाप केलंय? आता ते बाल्कनीतल्या टबात आहेत. पंधरा होते, नऊ उरलेत. बाकीचे त्यांनी आपसातच संपवले.

सासूबाई दिवाळीला परत येणार आहेत. काल फोनवर आधी झिंगे केवढे झाले ते विचारलं, मग घरात सुकं खोबरं आहे का ते.