नाण्यातली खोड टांकसाळीची की नंतरची?

कुणी "एरर आहे", म्हणजे टांकसाळीतच चूक झालेली आहे, असं म्हणत जुन्या नाण्याचे जास्तीचे पैसे मागितले, की मी आधी एकच बघतो: इथला धातू गेला कुठे? टांकसाळीत चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते आणि अख्खा धातू एकदम सरकतो. नंतरचा घाव फक्त तेवढ्याच जागेवर पडतो आणि बाजूला ढकललेल्या धातूची वळी उमटते.

कडेचा तुकडा नसलेला व्हिक्टोरियाचा पाव आणा घ्या. पट्टीतून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पुन्हा कापणी आली, तर चकतीच कमी निघते. मग तुटीजवळची अक्षरं त्या बाजूला ओढल्यासारखी, पसरट होतात आणि बहुतेकदा बरोबर समोरची कडही दबकी राहते. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर मध्येच सरळ कापलेलं असतं, समोरची कड ठणठणीत असते आणि दहापटीच्या भिंगात कानशीच्या रेघा दिसतात. अशा नाण्याला मी एररची किंमत देणार नाही.

चांदीच्या रुपयात खरी फसगत होते. कितीतरी रुपये बायकांच्या गळ्यातल्या माळेत गेले, त्यांना कड्या झाळल्या आणि पुढे त्या काढल्या. कडेवर उरलेला झाळीचा थेंब तुटलेल्या ठशाच्या फुगवट्यासारखा दिसतो. असा एक रुपया माझ्याकडे आहे. भिंगाखाली त्याच्या कडेचे दाते थेंबाने बुजलेले दिसतात, म्हणजे आधी दाते आणि मग थेंब. ठसा तुटल्यामुळे आलेला फुगवटा नाण्याच्याच धातूचा असतो आणि त्याच्या नेमक्या मागच्या बाजूचं चित्र सहसा पुसट उमटतं. रुपयाचं मूळ वजन 11.66 ग्रॅम आणि झाळीची त्यात भर पडते, त्यामुळे काटा जवळ ठेवाच. सराफांनी चांदी पारखताना मारलेले छोटे ठसेही नंतरचेच, पण त्यांना मी नुकसान म्हणायला कचरतो. तो नाण्याचा प्रवास आहे.

पृष्ठभागावर उठावदार रेघ असेल तर बहुधा ठशाला तडा गेलेला, खोलगट असेल तर बहुधा ओरखडा. आरशातल्यासारखं उलटं, खोलगट चित्र दिसलं तर खाली मूळ चित्र चेपून शिल्लक आहे का ते बघा. असेल तर दोन नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, एकमेकांवर दाबलेली आहेत.

1943 ते 1947 च्या भोकाच्या पैशाचं भोक टांकसाळीचंच. ते मध्यापासून सरकलेलं असेल तर एरर म्हणून घ्यायला हरकत नाही. भोकच नसलेला पैसा मात्र बुजवलेला असू शकतो, मध्यभागी बारीक गोल सांधा शोधा.

शिवराईला, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला, हे निकष लावू नका. ती हाताने ठोकलेली, ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' मधली अक्षरं कडेबाहेर जाणं नेहमीचंच. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आणि निर्णय होईपर्यंत तांब्याचं नाणं चिंचेने घासू नका. ओरखड्याचा तळ चकाकत असेल आणि भोवती काळपट थर असेल तर घाव ताजा. थर निघाला की ही खूणही गेली.