अंडं वांझ, अन् दोष कोंबडीच्या माथी

आठवडी बाजारात फटफटीवर ट्रे बांधून एक जण येतो. ‘कडकनाथची फलित अंडी, शंभर टक्के गॅरंटी.’ कडकनाथ म्हणजे काळ्या मांसाची कोंबडी, अन् फलित म्हणजे पिल्लू निघू शकेल असं अंडं. भाव गावरान अंड्याच्या तिप्पट-चौपट. घेणारा हौसेनं डझनभर अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतो. 22 वा दिवस उजाडतो, पिल्लू एकही नाही. फोन लावला की उत्तर तयारच असतं: ‘तुमची कोंबडी नीट बसली नसंल’, ‘ऊन लय होतं’, नाहीतर ‘वीज कडाडली असंल’. हा धंदा चालतो तो त्या 21 दिवसांच्या जोरावर. तोवर अंडी उकिरड्यावर गेलेली असतात, आणि भांडायला हातात काही उरत नाही.

नुकसान अंड्यांच्या पैशापुरतं नसतं. गावरान कोंबडी वर्षातून तीन-चारदाच खुडूक होते. त्यातली एक बसणी वाया.

पिंजऱ्यातल्या लेअर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांत कोंबडा नसतोच, त्यामुळे ती अंडी कितीही उबवली तरी वांझच. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून खपवतात. एक अंडं ओल्या फडक्यानं घासा, रंग सुटला की समजा. सगळी मात्र धुऊ नका. कवचावरचा थर गेला की जंतू आत शिरतात. आणि कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची, मांसानं काळी असली तरी तिचं अंडं फिकट बदामी असतं. कुणी काळं अंडं दाखवलं तर तो रंगच.

मोबाइलचा टॉर्च लावून ‘हे पाहा बीज’ असं दाखवणं ही निव्वळ थाप आहे. ताज्या अंड्यात दिसते ती बलकाची सावली. ऊब मिळून तीन-चार दिवस झाल्याशिवाय शिरा दिसत नाहीत. विकत घेतानाच शिरा दिसल्या तर उलट ते अंडं घेऊच नका, ते कुठंतरी तापून थंड झालेलं आहे. खरी परीक्षा फोडून होते. मात्र अंडं त्यानं नाही, तुम्ही निवडायचं, तेही खालच्या ट्रेमधलं. बशीत फोडल्यावर बलकावर तीन-चार मिलिमीटरचं फिकट कडं दिसलं तर फलित. नुसता बारीक, वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर वांझ.

तरी सगळ्यात पक्का उपाय म्हणजे साक्षीची अंडी. शक्यतो ज्या घरी कोंबड्यांत कोंबडा फिरतो तिथली तीन ताजी गावरान अंडी घ्या, पेन्सिलीनं खूण करा आणि विकतच्या नऊ-दहा अंड्यांसोबत त्याच दिवशी त्याच टोपल्यात ठेवा. विकतच्या अंड्यांवर तारीख टाका. सातव्या रात्री पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून टॉर्च लावा. साक्षीच्या अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा आणि विकतची साफ कोरी निघाली, तर कोंबडीला दोष देण्याची सोयच उरत नाही. तिथेच फोटो काढा. म्हणूनच व्यवहार अर्धे पैसे आधी, अर्धे सातव्या दिवसानंतर असा ठरवावा. विकणारा तयार झाला नाही तर घेऊ नये.

पण प्रत्येक वेळी फसवणूकच असते असंही नाही. सातव्या रात्री टॉर्चच्या उजेडात आत तांबडं कडं दिसलं तर अंडं फलित होतं, पण गर्भ सुरुवातीलाच मेला. बसच्या टपावर उन्हात आलेली, हादरे खाल्लेली, आठवड्याहून जुनी किंवा फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी अशी निघतात. आपल्याकडच्या मे महिन्यात घराच्या सावलीतही अंडं तापतं. 21-22 अंशांच्या वर गेलं की गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. म्हणून मागवायची तर दिवाळीनंतर, थंडीत. आणल्यावर निमुळतं टोक खाली करून एक दिवस स्थिर ठेवा, मगच कोंबडीखाली घाला. पिल्लू पूर्ण वाढून कवचातच मेलं असेल तर मात्र अंडी विकणाऱ्याकडे बोट दाखवू नका. तिथं कोंबडी उठली का, तणस कोरडं पडलं का, टोपल्यात पिसवा झाल्या का, ते पाहा.

सातव्या रात्री कोरी निघालेली अंडी लगेच काढा, सडकं अंडं फुटलं तर शेजारची चांगलीही खराब होतात. त्या जागी नवी घरची अंडी घालायची तर कोंबडीला एकूण 28 दिवस बसावं लागेल. ती आधीच हलकी झालेली असते, तेव्हा रोज उठवून पाणी आणि मूठभर ज्वारी समोर ठेवा. साक्षीची तीन पिल्लं आधी निघतील. ती निघाली की कोंबडी बाकीची अंडी सोडून त्यांच्यामागे जाते, म्हणून पिल्लं वाळली की काढून उबदार खोक्यात ठेवा आणि आठवड्यानं, बाकीची निघाली की, रात्रीच्या अंधारात तिच्या पंखाखाली सरकवा.