जर्मनीतली ‘फुल स्कॉलरशिप’: आमचे २,६८,००० रुपये कसे गेले

नांदेडमध्ये एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. फार्मसी, नर्सिंग, बायोटेक, मेकॅनिकल, काहीही शिकलेले चालतील, जर्मनीत पीएच.डी., फुल स्कॉलरशिप, असा बोर्ड. मी हिंगोली जिल्ह्यातली, एम.फार्म. झालेली. सोबत बाबा होते. तिथला माणूस मला ताई म्हणायचा, बाबांना काका. “काका, पोरगी तुमचं नाव काढणार बघा.” वर चहा.

तो निव्वळ थापा मारत असता तर आम्ही जिना उतरून परत आलो असतो. पण तो निम्मं खरं सांगायचा. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं म्हणाला. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या बहुतेकांना ते लागतं. फी १८,००० सांगितली, तीही बरोबर. घरी येऊन मोबाईलवर पाहिलं तर सगळं जुळत होतं. ती फी खरं तर आपली आपणच भरायची असते. याने स्वतःकडे घेतली.

मग ‘ब्लॉक्ड अकाउंट’. हेही खरंच असतं. तिकडे राहायचा खर्च झेपेल हे दाखवायला विद्यार्थी वर्षाचे ११,९०४ युरो ठेवतो. पण ते खातं त्याच्या स्वतःच्या नावावर असतं आणि पोचल्यावर दर महिन्याला पैसे त्यालाच मिळतात. याने ‘पहिला हप्ता’ म्हणून अडीच लाख कुण्या कंपनीच्या चालू खात्यावर मागितले. सोयाबीनचे पैसे आणि आईच्या पाटल्यांवरचं गोल्ड लोन, असे ते भरले.

मुळात स्कॉलरशिप मिळाली असेल तर तिचं पत्रच खर्चाचा पुरावा म्हणून चालतं. मग ब्लॉक्ड अकाउंट कशाला? असं कुणी भेटलं की पहिल्याच बैठकीत हे विचारा.

इंटरव्ह्यूही झाला. ‘प्रोफेसर’चा कॅमेरा बंद, माझ्या विषयावर एक प्रश्न नाही. नंतर विद्यापीठाचा शिक्का असलेलं पत्र आलं, तेही जीमेलवरून. पत्रावरच्या प्राध्यापकांना मी विद्यापीठाच्या साइटवरचा पत्ता शोधून थेट मेल टाकला. दोन ओळींचं उत्तर आलं: अशी स्कॉलरशिप नाही, तुमचं नाव पहिल्यांदाच ऐकतोय. तिकडे बऱ्याचदा आधी गाईड पक्का करावा लागतो. पुष्कळ जागा तर नोकरीसारख्या निघतात, त्यांना पगार असतो. जर्मनीतल्या शिक्षणासाठी स्कॉलरशिप देणारी डाडसारखी (DAAD) संस्था अर्जाचेसुद्धा पैसे घेत नाही. आपल्याकडचंच बघा ना. नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात. पीएच.डी.साठी फेलोशिप देणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आहेत. नेटसारख्या परीक्षेची फी असते, पण निवड झाल्यावर डिपॉझिट मागणारी फेलोशिप मला तरी माहीत नाही.

परत गेलो तर ऑफिसला कुलूप होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पोलिसांत तक्रार दिली. पैसे जाताच फोन केला तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येते. आम्हाला कळेपर्यंत खातं रिकामं झालेलं. तक्रार अजून चालू आहे.

परवा परभणीच्या मैत्रिणीने एक व्हॉइस मेसेज पाठवला. आवाज तोच, ताई-काकाही तेच. आता पीएच.डी.ऐवजी जर्मनीत नर्सिंगची नोकरी आहे आणि रजिस्ट्रेशनचे २५,००० आधी भरायचे आहेत. तो मेसेज मी तपास अधिकाऱ्यांना दिलाय. तुमच्याकडे असा आला असेल तर डिलीट करू नका.