गॅडोलिनियम का लोखंडाचे नॅनोकण?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत एमआरआयला गेलं की शिरेतून जे काँट्रास्ट (स्कॅनमधे फरक ठळक दिसावा म्हणून दिलेलं औषध) देतात ते बहुतेक गॅडोलिनियमचंच, त्याच्या आयनात जोडी न लागलेले 7 इलेक्ट्रॉन असतात म्हणून जवळच्या पाण्यातले प्रोटॉन लवकर शांत होतात आणि टी-वन इमेजमधे (एमआरआयच्या इमेज दोन मुख्य प्रकारच्या, टी-वन अन् टी-टू) तो भाग पांढरा चमकतो, वाचायला सोपं.

लोखंडाचे नॅनोकण म्हणजे आयर्न ऑक्साइडचे, त्यांचं उलटं भाऊ. मॅग्नेटाइट या आयर्न ऑक्साइडचा कण एवढा बारीक, 5-10 नॅनोमीटर, की अख्खा कण मिळून एकच चुंबक, मशीनच्या फील्डमधे झटक्यात रांगेत येतो अन् बाहेर काढला की चुंबकपणा गायब, म्हणून कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत. हे सुपरपॅरामॅग्नेटिक प्रकरण मला तरी लय भारी वाटतं. टी-टूमधे तो भाग काळा पडतो. लिव्हरच्या कुप्फर पेशी (तिथल्या साफसफाई करणाऱ्या पेशी) हे कण गिळतात, कॅन्सरच्या गाठीत त्या पेशी फारशा नसतात, मग लिव्हर काळं अन् गाठ उजळ! पण जुना रक्तस्रावही काळाच दिसतो, तिथं घोळ होतो.

किडनी पार बिघडलेली असेल तर गॅडोलिनियमच्या जुन्या औषधांनी कातडी कडक होऊ शकते, लोखंड मात्र शरीर वापरून टाकतं. फेरुमॉक्सिटॉल हे आयर्न ऑक्साइडच्या नॅनोकणांचं औषध तर 2009 मधे अमेरिकेत किडनीच्या पेशंटच्या अ‍ॅनिमियासाठीच मंजूर झालं, फक्त रिअ‍ॅक्शन जबर येऊ शकते. साध्या स्कॅनला मी तरी गॅडोलिनियमच म्हणेन.