१६ इंची स्क्रोल सॉ: मशीन ठेवा, सोबतची पाती बदला

बाल्कनीत बसून नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी, मुलांची लाकडी कोडी किंवा मखराची नक्षी कापायची असेल, तर १६ इंची वर्गातला स्क्रोल सॉ, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याने वळणदार काप घेणारी टेबलावरची करवत, पुरतो. आइनहेलचं टीसी-एसएस ४०५ ई आणि अमेरिकेत मिळणारं वेनचं ३९२१ ही याच वर्गातली. दोन समांतर भुजा, मिनिटाला ४०० ते १६०० फेरे, पात्यामागे साधारण ४०५ मिमी, म्हणजेच १६ इंच, मोकळी जागा आणि ४५ अंशांपर्यंत कलणारं टेबल, असा यांचा घाट. कमाल जाडी ५० मिमीच्या पुढेमागे लिहिलेली असते. तो आकडा खोटा नाही, पण त्यावर विसंबून खरेदी करू नये. २५ मिमीच्या वरचं सागवान या मोटरवर कापताना वेळ जातो, पातं मागे वाकतं आणि काप वर एक, खाली दुसरा असा येतो. ३ ते २० मिमी ही यांची खरी हद्द.

खरेदी करताना आधी बघायचं ते मोटरचे वॅट नव्हे, तर पातं कसं धरलं जातं ते. खोक्यात बहुधा पिनवाली पाती येतात, म्हणजे दोन्ही टोकांना आडवी पिन. बसवायला सोपी, पण ती पिन आरपार जायला किमान ५ मिमीचं भोक लागतं. जाळीतली पाकळीच ४ मिमी रुंद असेल तर भोक पाडणार कुठे? सपाट टोकाचं, म्हणजे बिनपिनेचं, ५ नंबरचं पातं १.५ मिमीच्या भोकातून जातं, १ नंबरचं १ मिमीच्या (नंबर लहान तितकं पातं अरुंद). त्यामुळे बिनपिनेची पाती धरणारे अडॅप्टर खोक्यात आहेत का, हे विक्रेत्याला आधी विचारा. दुसरा प्रश्न: त्यांचा स्क्रू हाताने फिरतो की प्रत्येक वेळी ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, लागते? पन्नास भोकांच्या जाळीत पातं पन्नास वेळा सोडून पुन्हा बसवायचं असतं. तिथे ॲलन कीवालं मशीन जीव काढतं.

मशीन आलं की लगेच लाकूड लावू नका. आधी ते बोल्टने पक्कं बसवा. भुजा मिनिटाला हजारावर वेळा दिशा बदलतात, त्यामुळे हलक्या मशीनची थरथर ठरलेलीच. १८ मिमी प्लायचा दुहेरी पाट, त्याखाली रबराचा तुकडा आणि मशीनच्या भोकांतून चार बोल्ट, एवढ्याने फरक पडतो. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून टेबल आपल्याकडे किंचित कललेलं ठेवलं तर मान आणि खांदे कमी दुखतात. एवढं करूनही ठरावीक वेगालाच थरथर वाढत असेल तर तो वेग टाळा. प्रत्येक मशीनचा असा एखादा त्रासदायक टप्पा असतो, बऱ्याचदा मधल्या वेगात.

मग काटकोन. टेबलाखालच्या अंशांच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. पातं ताणून बसवा आणि छोटा गुण्या लावून बघा. त्याहून चोख पद्धत म्हणजे ४० मिमी जाडीचा ठोकळा घेऊन पुढून पात्यात जरासा कापायचा, पात्याची खाच पडली की बाहेर काढायचा, टेबलावरच अर्धा फिरवून तीच खाच पात्याच्या मागच्या बाजूने त्यावर सरकवायची. अडकली नाही तर काटकोन बरोबर. अडकली तर टेबलाचा कल बदला आणि पुन्हा करा. या एका चाचणीने कोड्याचे तुकडे एका बाजूने बसतात आणि दुसऱ्या बाजूने अडतात ही तक्रार मिटते.

आता पात्यांकडे, कारण मशीनचं नाव इथेच बिघडतं. सोबत आलेली पाती जाड असतात, दाते ठोकून पाडलेले असतात आणि त्यांच्या कापाला पॉलिश पेपर घासून घासून हात दुखतात. ती चाचणीसाठी ठेवा. पेगास, फ्लाइंग डचमन किंवा ओल्सनची सपाट टोकाची, १३० मिमी लांबीची पाती डझनाने घ्या. सुरुवातीला ३ आणि ५ नंबरचं एकेक डझन पुरे. ३ ते ६ मिमी प्लायला १ ते ३ नंबर, ६ ते १२ मिमीला ५, १८ ते २० मिमीच्या कठीण लाकडाला ५ किंवा ७. नंबर वाढला की पातं रुंद होतं आणि वळण मोठं घ्यावं लागतं. सर्पिल पात्याला सर्व बाजूंनी दाते असतात, लाकूड फिरवावं लागत नाही, म्हणून नवख्यांना ते मोहात पाडतं. पण त्याचा काप खरबरीत असतो आणि सरळ रेघ त्याला पाळता येत नाही. लांबलचक फळी भुजेला अडत असेल तेवढ्यापुरतंच ते वापरावं.

रिव्हर्स दात्यांचं पातं जाळीकामाला फार उपयोगी. खालचे काही दाते उलटे, वर तोंड केलेले असतात. पातं वर जाताना ते खालचा थर वर दाबत कापतात, म्हणून प्लायच्या खालच्या बाजूला कुसळं निघत नाहीत. फक्त एक काळजी: मशीन बंद असताना भुजा हाताने पूर्ण वर न्या आणि टेबलाच्या वर उलटे दोन-तीन दाते दिसतात का ते बघा. एकही दिसत नसेल तर ते दाते लाकडाला शिवतच नाहीत, पैसे वाया. पातं त्याला धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये वर सरकवा. पाच-सहा दाते वर येत असतील तर उलट त्रास होतो, फळी टेबलावरून उचलली जाते.

नवीन पात्यावर गंज टाळण्यासाठी तेलाचा हात असतो. तेच टोक क्लॅम्पमध्ये गेलं की पातं निसटतं आणि माणूस स्क्रू आवळत बसतो, शेवटी आटेच जातात. दोन्ही टोकं थिनरने पुसा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने एकदा घासा आणि मग बसवा. ताण किती? मधोमध बोटाने बाजूला ढकलल्यावर पातं २ ते ३ मिमीपेक्षा जास्त सरकू नये आणि नखाने छेडल्यावर स्वच्छ, उंच टणत्कार यावा. भदभद आवाज आला तर ताण कमी. पातं क्लॅम्पपाशी तुटत असेल तर ते वाकडं धरलं गेलंय किंवा ताण जास्त आहे. मधोमध तुटत असेल तर ते बोथट झालंय आणि आपण लाकूड ढकलतोय. सागवानात नैसर्गिक सिलिका असते, त्यामुळे १८ मिमी सागात ५ नंबरचं पातं वीस-पंचवीस मिनिटांत थकतं. ते मशीनचं वय झालं म्हणून नव्हे.

रेघेवर सरळ ढकलूनही काप एका बाजूला ओढला जातो, ही तक्रार सगळ्यांची. दाते पाडताना पात्याच्या एका कडेला बारीक खरबरीत धार राहते आणि ती बाजू जास्त कापते. मशीन परत पाठवायची गरज नाही. फळी दोन-चार अंश तिरकी धरून ढकलायची सवय लावायची. घासून पाडलेल्या दात्यांच्या महाग पात्यांत हे ओढणं कमी असतं.

टेबलातल्या फटीचा दोष या वर्गात सर्रास दिसतो. पात्याभोवतीची प्लॅस्टिकची चकती एवढी मोकळी असते की १० मिमीचा तुकडा खाली पडतो किंवा पात्यासोबत खेचला जाऊन मोडतो. उपाय स्वस्त आहे. फर्निचरवाल्याकडून १ मिमी सनमायकाचा एक फूट चौरस तुकडा आणा, मधोमध १.५ मिमीचं भोक पाडा, गुळगुळीत बाजू वर ठेवून दुहेरी टेपने टेबलावर चिकटवा आणि पातं त्यातून ओवा. लाकडाला खालून आधार मिळतो, कुसळं आणखी कमी होतात आणि फळीही सुळकन सरकते. भोक मोठं झालं की सनमायका थोडा सरकवून नवीन पाडायचं.

भुसा उडवणाऱ्या नळीची हवा बहुतेक मशीनवर नाममात्र असते, भाता भुजेच्या हालचालीवर चालतो म्हणून कमी वेगात तर फुंकरही येत नाही. माशांच्या टाकीचा एअर पंप आणि त्याचीच नळी जोडली की रेघ सतत स्वच्छ दिसते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेली फळी, कापताना मात्र भुसा नुसता उडवून चालत नाही. टेबलाखाली व्हॅक्यूम लावा आणि तोंडाला एन-९५ बांधा, ती पूड अतिशय बारीक असते.

लाकूड दाबून धरणारा पाय बरेच जण काढून ठेवतात, कारण तो रेघ झाकतो. हात बसेपर्यंत ठेवलेला बरा. फळी उचलून आपटायला लागली तर बोटांनी घाबरून सोडू नका, दाबून धरा आणि मशीन बंद करा. त्यासाठी पायाने दाबायचा स्विच लावला तर दोन्ही हात लाकडावर राहतात. मशीनखालोखाल पैसे घालावेत तर या स्विचवर.

लाकडाबद्दल थोडक्यात. दुकानात स्वस्त म्हणून मिळणाऱ्या प्लायमध्ये आतल्या थरांत पोकळ्या असतात. पातं पोकळीत शिरलं की झटका बसतो आणि नाजूक दांडी तुटते. आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय भरीव मिळतं, पण त्यातला गोंद पात्याचे दाते लवकर मारतो. बर्च प्लाय मिळालं तर जाळीला तेच घ्या. शिसम आणि सागवान कापताना कडा जळून काळ्या पडत असतील तर नक्षीच्या कागदावर साधी पारदर्शक पॅकिंग टेप लावा. जळणं लगेच कमी होतं. क्रम असा: लाकडावर मास्किंग टेप, तिच्यावर फेविस्टिकने कागद, वरून पॅकिंग टेप. काम झाल्यावर सगळं एकत्र सोलून निघतं, लाकडाला गोंद लागत नाही. ॲक्रिलिक कापायचं तर वेग ४०० ते ६००, विरळ दात्यांचं पातं. वेग वाढवला तर वितळलेला काप मागे पुन्हा चिकटतो.

आपल्याकडे या मशीनवर सगळ्यात जास्त कापली जाते ती देवनागरी पाटी, आणि तिथे आराखड्यातच घोटाळा होतो. शिरोरेघ ८ ते १० मिमी रुंद ठेवली तर सगळा शब्द एकसंध तुकडा म्हणून निघतो, रोमन अक्षरांसारखं एकेक अक्षर चिकटवत बसावं लागत नाही. पण भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर रेघ तुटते. ‘माधव’ कापलंत तर ‘मा’ वेगळा आणि ‘धव’ वेगळा हातात येतो. रेघ पूर्ण ओढून जोडायची सोय नाही, कारण मग ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. अशा नावांना मागे ४ मिमीची दुसरी फळी हवीच, किंवा अक्षरांच्या तळाशी एक पट्टी जोडून घ्या. अनुस्वाराचा ठिपका हमखास भुशात हरवतो, तो १० मिमीपेक्षा लहान ठेवू नका आणि कापण्याआधी त्याच्या पाठीवर टेप मारा. प, म, ष, व यांच्या पोटातली जागा बंद असते, प्रत्येकीला वेगळं भोक पाडावं लागतं. आधी सगळ्या आतल्या जागा कापा, त्यातही सर्वांत लहान आधी. बाहेरची रेघ शेवटी, म्हणजे तोवर आजूबाजूची फळी अक्षरांना धरून ठेवते. दुकानांना एकाच नावाच्या चार प्रती हव्या असतील तर ३ मिमी एमडीएफचे चार थर कडेने टेप मारून एकदम कापता येतात, एकूण जाडी १८ मिमीच्या आत ठेवा.

डीवॉल्टचं डीडब्ल्यू ७८८ घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. २० इंची जागा, ४०० ते १७५० फेरे, ओतीव लोखंडी टेबल आणि हाताने सुटणारे क्लॅम्प. कंप खूपच कमी, पातं बदलणं काही सेकंदांचं काम. रोज दोन-तीन तास जाळी कापणाऱ्याला ते परवडतं. रविवारी एखादी पाटी करणाऱ्याला नाही, अमेरिकेतल्या भावात तेवढ्यात या वर्गातली तीन-चार मशीन येतात. नातेवाइकाकडून तिकडून मागवायचा विचार असेल तर दोन गोष्टी बघा. वजन ५६ पौंड, म्हणजे २५ किलोच्या वर, विमानाच्या २३ किलोच्या बॅगेत ते बसत नाही. आणि ते १२० व्होल्टवर चालतं, १.३ ॲम्पिअर घेतं. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावलं तर जळेल, किमान ३०० व्हीए क्षमतेचा, व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. वेनचंही १२० व्होल्टचंच. इथे २३० व्होल्टचं १६ इंची घेऊन उरलेल्या पैशात पाती, पायाचा स्विच आणि बर्च प्लाय घ्यावं हे बरं. मात्र पावती आणि खोकं वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका, आणि पातं धरणाऱ्या अडॅप्टरांची एक जोडी मशीनसोबतच मागवून ठेवा. या मशीनवर सगळ्यांत आधी झिजतात ते तेच, आणि नंतर शोधायला गेलं तर मिळताना नाकी नऊ येतात.