चंद्रावरचा निळा प्रदेश : ‘फँटॅस्टिक फोर’ अंक १३
मार्व्हल कॉमिक्सच्या काल्पनिक चंद्रावर श्वास घेता येतो तो फक्त निळ्या प्रदेशात, आणि तो प्रथम दिसतो एप्रिल १९६३च्या या अंकात. रेखाटनं जॅक कर्बीची, शाई स्टीव्ह डिटकोची. ही जोडी क्वचितच जमली. या प्रदेशातल्या ओसाड नगरीच्या चौकटींवर डोळे खिळून राहतात! विश्वातल्या घडामोडी नुसत्या पाहत राहणाऱ्या वॉचरचं पदार्पणही इथलंच. सोव्हिएत खलनायक रेड घोस्ट आणि त्याच्या तीन वानरांचं कथानक मात्र शीतयुद्धाच्या प्रचारात अडकलंय. अडचण एकच: नगरी क्री या परग्रहवासीयांनी बांधली हे इथे कळत नाही; त्यासाठी ‘अ‍ॅव्हेंजर्स’चे १९७५चे अंक लागतात. त्यानंतर थेट ‘एक्स-मेन’ १३७ (१९८०) घ्या, त्यातली लढाई याच प्रदेशात होते; मग ‘फँटॅस्टिक फोर’ २४० (१९८२): त्यात इनह्यूमन्स या अतिमानवी जमातीची अख्खी अटिलान नगरी इथे येऊन वसते.